खाडीकाठचे बंद घर

दाभोळची शाही मशीद पाहून आम्ही फेरीबोटीने धोपाव्याला उतरलो आणि खाडीच्या कडेकडेने निघालो. वाटेत एका मोहल्ल्यात असरची नमाज पढून बाहेर आलो, तो समोरच हे घर. जांभ्या दगडाचे जोते, सागवानी खांब, गवतात बुडालेले अंगण. पडवीचे छप्पर एका बाजूने बसलेले.

किल्ली शेजारच्या चाचींकडे होती. "जपून जा, माळा कुजलाय," एवढे बजावून त्यांनी कुलूप काढले.

ओटीच्या कोनाड्यात रिकामी रेहल. स्वयंपाकघरात पाटा होता, वरवंटा नव्हता. पडलेली कौले आम्ही पुसून पाहिली. एकावर बेसल मिशन, मंगळूर आणि 1865. त्यावरून घराचे वय काढू नये. ते कारखाना सुरू झाल्याचे साल. दुसऱ्या कौलावर कॉमनवेल्थचा शिक्का. पहिल्या महायुद्धात मिशनचे कारखाने सरकारने ताब्यात घेतले आणि पुढे ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. म्हणजे मूळ छप्पर युद्धाआधीचे, डागडुजी नंतरची असावी.

भात आणि मासळीवर असे घर उभे राहत नाही. या किनाऱ्यावरचे आपले लोक जहाजांवर खलाशी, सारंग म्हणून गेले, मुंबईच्या गोदीत राबले. काही केपटाऊनला जाऊन तिथलेच झाले. पुढच्यांनी आखात गाठले. या घराचा पैसा कुठल्या बंदरातून आला असेल? घर चालवले मात्र बायकांनीच. पुढच्या उंबऱ्यापेक्षा मागचा, विहिरीकडचा उंबरा कितीतरी जास्त झिजला आहे.

"विकत का नाहीत?" आम्ही विचारले.

"विकणार कोण? घरपट्टी अजून आजोबांच्या नावावर येते."

आजोबांच्या मागे बायको, दोन मुलगे, एक मुलगी. सूरह निसाने वाटे ठरवूनच दिले आहेत. बायकोला आठवा हिस्सा, उरलेल्यात मुलाला दोन तर मुलीला एक. चाळीस भाग धरले तर बायकोचे 5, मुलांचे 14-14, मुलीचे 7. पाच मिनिटांचा हिशेब! तेव्हा कोणी केला नाही. आता तिसरी-चौथी पिढी मुंबई, कुवेत, कुठे कुठे पांगली आहे आणि हिस्सेदारांची नुसती यादी करायची तरी घरोघर फिरावे लागेल. घरे पावसाने पडतात असे आपण म्हणतो. कोकणातली कितीतरी घरे न केलेल्या वाटणीने पडली आहेत.

"आणि त्या मुलीचे सात भाग?"

चाची हसल्या. "ती माझी अम्मी. लग्न करून शेजारीच आली. भावांनी दिलं नाही, तिनं मागितलं नाही. मागितलं असतं तर माहेर तुटलं असतं ना!"

शाबान संपत आला की त्या दरवर्षी ही ओटी झाडून सारवतात. कोणी आलेच तर बसायला जागा हवी, म्हणाल्या. मग कुलूप लावून किल्ली ओढणीच्या टोकाला बांधली आणि आमच्यासाठी चहा टाकायला आत गेल्या.