माळ रिकामा नसतो

जगाचे नैसर्गिक प्रदेश शिकवायचे म्हणजे टुंड्रा, तैगा, सॅव्हाना ही नावे मुलांकडून घोकून घ्यायची, असा पुष्कळांचा समज असतो. नावे पाठ होतात, पृथ्वी मात्र उमगत नाही. म्हणून पाचवीच्या मुलांना आम्ही जगाकडे नेतो ते बेळगाव जिल्ह्याच्या वाटेने.

फळ्यावर दोनच शब्द लिहितो : ऊब आणि पाऊस. मलप्रभा कणकुंबीजवळ उगम पावते, तेथे सह्याद्रीवर पाऊस कोसळतो आणि रान घनदाट असते. तीच नदी पूर्वेस सौंदत्तीला पोचते तेव्हा भोवती काळी माती, ज्वारी आणि बाभळी दिसतात. कोणाचे आजोळ या टोकाला, तर कोणाच्या आत्याचे घर त्या टोकाला. त्यामुळे ही गोष्ट मुलांना वेगळी पटवावी लागत नाही.

मग हीच वाट मनाने लांबवायची. वर्षभर ऊब आणि २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस, की अॅमेझॉनचे वर्षावन. पाऊस २५० च्या खाली आला, की बहुधा वाळवंट. ऊब घटली, की सायबेरियाचा सूचिपर्णी तैगा. आणि सर्वांत उबदार महिन्याची सरासरीही १० अंशांपर्यंत पोचत नाही, तेथे टुंड्रा. व्लादिमिर कोपेन याने १९०० साली जगाच्या हवामानाचे विभाग पाडले, तेही वनस्पतींच्याच साक्षीने.

एक शब्द मात्र आम्ही वर्गात चालू देत नाही : 'रिकामा माळ'. दोष मुलांचा नव्हे. घरीदारी माळाला पडीकच म्हणतात आणि सरकारी नोंदींतही गवताळ जमीन पुष्कळदा पडीकच ठरते. परंतु आफ्रिकेचे सॅव्हाना, अर्जेंटिनाचे पंपास आणि आमचा माळ ही एकाच गवताची भावंडे आहेत. राणेबेन्नूरचे रान १९७४ साली काळविटांचे अभयारण्य ठरले; पण तेथील माळावर नीलगिरीची झाडे उभी राहिली आणि एके काळी तेथे दिसणारा माळढोक दिसेनासा झाला. २०११ पासून जगाच्या यादीत तो अतिसंकटग्रस्त आहे. झाड लावणे पुण्याचे खरे, पण गवताच्या घरात लावलेले झाड कोणाला तरी बेघर करते.

वाचकहो, आपण इंदुरास असा, बडोद्यास वा हैदराबादेस; सुटीत प्रवासाला निघाल तेव्हा मुलाला खिडकीजवळ बसवा आणि रान कोठे बदलले एवढेच विचारा. ज्याला आपला माळ वाचता येईल, त्याला उद्या जगाचा नकाशा परका वाटणार नाही. आणि तो माळ राखायचा की नाही, हे ठरविणारी पिढीही हीच आहे.