दोन ताटे शिल्लक

परवा नातीला वसतिगृहात पोचवायला कोल्हापूरला गेलो. चिरंजीव फाटकापासूनच कॅमेरे मोजू लागले. मी मात्र स्वयंपाकघराची वाट विचारली. आजोबांना भूक आवरत नाही, असे नातीच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटले!

१९७० साली माझ्या वडिलांनी मला याच गावी आणले, तेव्हा त्यांनी महाद्वार रोडवर एक पितळी कुलूप घेऊन दिले आणि बजावले, "ट्रंक उघडी टाकू नकोस, अन् रंकाळ्यात उतरू नकोस." चोर आणि पाणी. त्यांच्या लेखी धोके दोनच.

कोल्हापूर हे वसतिगृहांचे गाव. खेड्यातून शिकायला आलेल्या पोराला इथे छप्पर मिळावे, म्हणून शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले. पाठोपाठ जैन, मुसलमान, लिंगायत मुलांची सोय झाली आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. आमचे वसतिगृह यांतले नव्हे. त्याचे नाव सांगत नाही, कारण पुढची हकीकत आमच्याच मूर्खपणाची आहे.

आषाढातला कोल्हापूरचा पाऊस ज्याने पाहिला आहे, त्याला ओल्या कपड्यांचे दुःख सांगायला नको. आठआठ दिवस काही वाळत नसे. माझ्या खोलीतल्या सोबत्याला दुसऱ्या दिवशी प्राचार्यांना भेटायचे होते आणि विजारी दोन्ही ओल्या! आम्ही स्वयंपाकघरातून कोळशाची शेगडी पळवली. वर दोरीला कपडे टांगले, खिडकी लावली, दाराला कडी घातली आणि फटीत पोतेही कोंबले. निखारे लालभडक, धुराचा मागमूस नाही; मग भीती कशाची? थोड्या वेळाने डोके जड झाले. त्याचा दोष मी तर्कशास्त्राच्या पुस्तकाला दिला आणि आडवा झालो.

आमचे आचारी मामा महा चिक्कू. रोज ताटे मोजत. त्या रात्री दोन ताटे उरली. पोऱ्या हाका मारून परत गेला, तेव्हा मामा स्वतःच उलथणे घेऊन तावातावाने आले. "जेवायचं न्हाई व्हय रं?" उत्तर नाही. कडी जुनाट, दुसऱ्या धक्क्याला निखळली. त्यांनी आम्हा दोघांना बखोटीला धरून व्हरांड्यात, पावसाच्या झडीत ओढून टाकले.

डॉक्टर म्हणाले, कोंडलेल्या खोलीत कोळसा अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड वायू सुटतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात तो प्राणवायूची जागा बळकावतो आणि माणसाला नुसती झोप आल्यासारखे वाटते. "आणखी तासभर गेला असता तर..." एवढे बोलून त्यांनी बॅग मिटली. ट्रंकेचे पितळी कुलूप मात्र शाबूत होते!

हवा न खेळणाऱ्या न्हाणीघरात गॅसचा गीझर लावला, तर हाच वायू आजही जीव घेतो. तेवढे नातीच्या कानावर घातले आणि स्वयंपाकघरात गेलो. भाकऱ्या थापणाऱ्या बाईंना विचारले, "एखादी मुलगी जेवायला आली नाही, तर तुम्हाला कळतं का हो?"

"आता कार्ड लावत्यात, आजोबा. मशिनीला कळतंय."

"आणि तुम्हाला?"

त्यांनी नातीकडे नीट पाहिले. "भाकरी खाणार का चपाती?"

"भाकरी," नात म्हणाली.

"मग कळंल की. नाव काय तुझं, बाळ?"