किती तास बसलास ते सांगू नकोस

चि. ओंकार,


वहिनीचा फोन आला होता. तू रात्री दोन-दोन वाजेपर्यंत अभ्यासिकेत बसतोस, सकाळचा नाष्टा बुडवतोस, आणि तरीही वाचलेलं डोक्यात राहत नाही म्हणून धास्तावला आहेस, असं कळलं. फोनवर तू ‘हो आत्या’ म्हणून विषय संपवशील, म्हणून लिहिते आहे.

सदाशिव पेठेत रात्रभर उघड्या अभ्यासिका आहेत, त्यामुळे कोण किती तास बसलं यावरच मुलं एकमेकांना मोजतात. हे माप मला मान्य नाही. मी वॉर्डात नाइट ड्यूटी केलेली बाई आहे. पहाटेच्या सुमाराला शरीराचं तापमान सगळ्यात खाली गेलेलं असतं, आणि चांगली जाणती नर्ससुद्धा साधा आकडा चुकीचा वाचू शकते. त्या वेळी औषधाचा डोस आम्ही दोघी-दोघी मिळून तपासायचो. तू नेमक्या अशाच अवेळी पंचायत राज पाठ करायला बघतोस.

आपल्या मेंदूत, डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात तिथे जरा वर, पेशींचा एक इवलासा पुंजका आहे. शरीराचं मुख्य घड्याळ ते. पेशींच्या आत हे घड्याळ चालतं कसं, ते फळमाश्यांवर काम करून शोधणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ साली नोबेल मिळालं. हे घड्याळ रोज जुळतं ते मुख्यतः उजेडावर. म्हणून आधी उठण्याची वेळ पक्की कर, रविवारीसुद्धा तीच. उठलास की पर्वती चढून ये, नाहीतर सारसबागेला चक्कर मार. पण उघड्या आभाळाखाली जा.

झोप कापलीस तर नुसता थकवा येऊन भागत नाही. दिवसभर वाचलेलं पक्कं करायचं काम मेंदू झोपेत करतो. गाढ झोप जास्त करून रात्रीच्या पहिल्या भागात, स्वप्नांची झोप पहाटेकडे. दोन्हींचं काम वेगळं आहे. आणि रात्री आठनंतर अमृततुल्यात जाऊ नकोस. चहातलं कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. दिवसभर जागल्यामुळे मेंदूत साचलेला थकवा ते फक्त झाकतं, कमी करत नाही.

दुपारचं मात्र तुझ्या लक्षात आलेलं दिसत नाही. राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेत सीसॅटचा पेपर दुपारी असतो: दोन तास, ८० प्रश्न. जेवणानंतर डोळे मिटू लागतात, नेमके तेव्हाच उतारे वाचायचे आणि गणितं सोडवायची. मग आत्ता तू ती वेळ वर्तमानपत्रात का घालवतोस? मेसमध्ये भात कमी घे, पाच-दहा मिनिटं चाल, आणि रोज त्याच वेळेला घड्याळ लावून उतारे सोडव. सवय मनाइतकीच शरीरालाही लागते.

पाठांतराचंही सांगते. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी पुढे होते. आठवड्यानंतर मात्र पुस्तक मिटून आठवून लिहिणारे पुढे गेले. मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे, तेव्हा तुला लिहावं लागणारच. झोपण्याआधीचा अर्धा तास कोऱ्या कागदाला दे. त्या वेळी मोबाइल बॅगेत असू दे. टेलिग्रामवर परीक्षेच्या तारखांच्या अफवा रोजच येतात, त्या सकाळी वाचल्यास तरी काही बिघडत नाही.

हे सगळं एकदम करू नकोस. या आठवड्यात फक्त उठण्याची वेळ सांभाळ, बाकीचं हळूहळू त्याच्याभोवती बसेल.

दादाला मी बजावलं आहे की रात्री दहानंतर पुण्याला फोन लावायचा नाही. दुकान बंद करून, जेवून मग तो तुझ्याशी बोलतो, आणि ‘जागाच आहेस ना?’ विचारतो, त्याला त्यातच बरं वाटतं. तूच संध्याकाळी मेसला जाताना त्याला फोन करत जा. गिऱ्हाईक समोर असलं तरी तो उचलेल.

तुझी,
आत्या