खडकवासल्याच्या तीरावर

गेल्या श्रावणांत आम्ही सहकुटुंब खडकवासल्यास गेलों होतों. पुण्यापासून अवघ्या वीस किलोमीटरांवरचें हें स्थळ. तरी तेथें पाऊल टाकण्यास आमच्या सौभाग्यवतींस साठ वर्षांहून अधिक काळ लागला, हें ऐकून वाचकांस नवल वाटेल. त्यांचें माहेर नारायण पेठेंत. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, त्या लोंढ्यापुढें खडकवासल्याचेंही टिकलें नाहीं, आणि त्यांच्या वडिलांचें बिऱ्हाड मुठेनें नेलें. तेव्हां त्या सहा वर्षांच्या होत्या. पाण्याशीं त्यांनीं धरलेला अबोला तेव्हांपासूनचा.

अमेरिकेंत वाढलेला आमचा नातू सुटींत आला होता; त्याच्या हट्टामुळें हा योग आला. जलाशय तुडुंब भरला होता. दक्षिणेस सिंहगड ढगांत दडलेला; पलीकडच्या तीरावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची हिरवीगार हद्द. तिच्या पीकॉक बे नांवाच्या भागांत छात्रांस शिडाच्या होड्या चालविण्यास शिकवितात.

“आजोबा, असल्या वाऱ्यांत माझी होडी पाण्याच्या वर उचलली गेली असती,” नातू म्हणाला. प्रथम आम्हांस थट्टाच वाटली. तेव्हां त्यानें खाऊन झालेल्या कणसाचीं दोन पानें कठड्यावर शेजारी शेजारी मांडून सारी रचना समजावून दिली.

ऱ्होड आयलंड संस्थानांतील ब्रिस्टल गांवीं तयार झालेली ही ‘यूएफओ’ नांवाची होडी जेमतेम दहा फुटांची. तिला दोन तळ असतात. अशा जोडनावेचें ‘कॅटामरान’ हें नांव मूळ आपल्याच देशांतलें. तमिळांत कट्टुमरम् म्हणजे बांधलेलें लांकूड. पाण्याखालीं, एक मध्यावर व एक सुकाणूस, असे दोन आडवे पंख असतात. पाणी हवेहून सुमारें आठशें पट दाट. म्हणून पंख इवलासा असला तरी पुरतो. वेग वाढला कीं पंख होडीस वर उचलतात, पाण्याचा अडथळा कमी होतो आणि होडी सुसाट सुटते. एक काठी पाण्याच्या पृष्ठभागावर घासत असते. होडी फार उंच गेली, कीं ती पंखाची झडप फिरवून तिला खालीं आणते.

२०१३ सालीं अमेरिका चषकाच्या शर्यतींत प्रचंड जोडनावा अशाच पाण्यावर उचलल्या गेल्या. परंतु त्या कसलेल्या खलाशांच्या. ही लहान होडी नवशिक्यांसाठीं. एका तळाची पंखांची होडी थांबली कीं कलंडूं पाहते. हिला दोन तळांचा आधार असतो.

“किती वेळां पडलास?” आम्हीं विचारलें.

“मोजलें नाहीं. पहिला दिवस तर पडण्यांतच गेला.”

इतका वेळ गप्प असलेल्या सौभाग्यवतींनीं हळूच विचारलें, “पडल्यावर वर यायला किती वेळ लागतो रे?”

“अंगांत तरंगतें जाकीट असतें, आजी. आणि पोहतां आल्याशिवाय आम्हांला होडींत बसूंच देत नव्हते.”

त्या पुढें बोलल्या नाहींत. आम्ही मात्र विचारांत पडलों. खडकवासला, पानशेत, वरसगांव, टेमघर अशा चार धरणांच्या पाण्यावर आमचें शहर जगतें. अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ पासूनचा. तरीही आपण मुलांस सिंहगड चढावयास शिकवितों, आणि पाण्याविषयीं मात्र ‘जवळ जाऊं नको’ एवढेंच सांगतों. पिण्याच्या पाण्याच्या या जलाशयांत वाटेल त्यानें होडी घालावी, असें आमचें म्हणणें नाहीं. ज्यांचें घर पुरांत गेलें त्यांची भीति खोटी, असें तर आम्ही कधींच म्हणणार नाहीं. परंतु भीतीनें मूल सुरक्षित होत नाहीं. तें फक्त अजाण राहतें. पोहतां न येणारीं मुलें पाण्यांत उतरून दगावल्याच्या वार्ता आपण वाचतोंच. पडणें अटळ धरून त्याची तयारी आधीं करून घेणें, हीच त्या होडीच्या शिक्षणांतली खरी सोय.

आमची अकरा वर्षांची नात दोन वर्षें पोहणें शिकण्याचा हट्ट धरून आहे, आणि आजींचा नकार ठरलेला. परततांना धायरीच्या आसपास सौभाग्यवती खिडकीबाहेर पाहतच म्हणाल्या, “टिळक तलावावर मुलींना सकाळची वेळ कोणती असते, तेवढें उद्यां विचारून या.”