भंगारातला राजपुत्र

आमच्या नंदुरबारात काय विकले जात नाही? दिवाळीच्या सुमारास पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडते आणि वाऱ्याची दिशा फिरली की साऱ्या गावाला शिंका येतात. पुढे दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. तिथे घोड्याचे दात पाहून त्याचे वय सांगणारी आणि चालीवरून किंमत ठरवणारी माणसे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. पण जुन्या कॉम्प्युटरचे दात पाहणारा माणूस मला अलीकडेच भेटला. तो माझाच विद्यार्थी निघाला. ही गोष्ट मी मोठ्या अभिमानाने सांगितली असती. परंतु मराठीच्या तासाला हा गृहस्थ मागच्या बाकावर काय करीत असे, हे मला चांगले ठाऊक आहे.

त्याचा धंदा ऐकाल तर तुम्हांलाही मौज वाटेल. 2001 साली एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम निघाला आणि तालुक्यातालुक्यांत त्याची केंद्रे उघडली. तिथली पहिली यंत्रे केव्हाच निकालात निघाली. सायबर कॅफे तर मोबाइलने गिळून टाकले. हे सारे सामान वजनावर भंगारात जायचे. आमचा विद्यार्थी भंगारवाल्याच्या पुढ्यात बसून त्यातले निवडक भाग उचलतो, स्वच्छ करतो, चालवून पाहतो आणि पुण्या-मुंबईकडच्या, बंगळूरकडच्या गिऱ्हाइकांना कुरिअरने पाठवतो. ही गिऱ्हाइके म्हणजे चाळिशी ओलांडलेले, बऱ्या पगाराचे, पोराबाळांचे लोक. त्यांना 1998 साली होता तसाच्या तसा कॉम्प्युटर जुळवायचा असतो. कशासाठी? खेळ खेळण्यासाठी!

काकांच्या सायकल दुकानामागच्या खोलीत त्याचा हा कारभार चालतो. मी एकदा सहज डोकावलो आणि दोन तास तिथेच बसलो. कार्डांच्या सोनेरी दातांवर तो शाळकरी पोराचे खोडरबर घासत होता. म्हणाला, "सर, निम्मी मेलेली कार्डं एवढ्यानेच जिवंत होतात." 386 आणि 486 जातीच्या बोर्डांवर पिंपाच्या आकाराची एक इवलीशी बॅटरी डाखलेली असते. वर्षे उलटली की ती पाझरते आणि भोवतालच्या तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. म्हणून बोर्ड हातात आला की त्याची नजर आधी त्या कोपऱ्यात जाते. 2000 सालानंतरच्या काही वर्षांतले बोर्ड असले तर तो कपॅसिटरांची डोकी पाहतो. ती फुगलेली असली तर भाव निम्मा. सारंगखेड्याचा घोड्यांचा व्यापारी याहून वेगळे काय करतो?

त्याचे खरे वैरी दुसरेच आहेत. 1995 च्या पेंटियम प्रो चिपमध्ये सोने बरेच, म्हणून ती ॲसिडात घालून सोने काढणारे लोक जास्त पैसे देऊन उचलतात. मला एकदम बोहारणीची आठवण झाली. आजीच्या पिढीतल्या किती पैठण्या जरीसाठी जाळल्या गेल्या असतील! जरीचे चार पैसे हातात येतात, पण पैठणी जाते ती जातेच.

मी त्याला माझी मुख्य शंका विचारली. हे सगळे जुने खेळ नव्या यंत्रावर डॉसबॉक्स नावाच्या फुकट प्रोग्रॅमात चालतात, असे आमचे चिरंजीव सांगतात. मग हे शहाणे लोक पैसे खर्चून डबडे का जुळवतात? तो आधी धंद्याचे उत्तर बोलला: काचेच्या जड मॉनिटरवर ती चित्रे जशी दिसतात तशी सपाट पडद्यावर दिसत नाहीत; काही खेळ नव्या वेगात घोडा उधळावा तसे पळत सुटतात; साउंड ब्लास्टरचा तो आवाज वेगळाच. मग त्याने कपाटातून एक कार्ड काढून माझ्या हातात ठेवले. थ्रीडीएफएक्स नावाच्या अमेरिकन कंपनीचे वूडू कार्ड. अशी पहिली कार्डे 1996 साली आली. 2000 च्या डिसेंबरात कंपनीने गाशा गुंडाळून आपली मालमत्ता एन्व्हिडियाला विकण्याचे ठरवले. (हे दुसरे नाव हल्ली शेअरबाजारवाल्यांच्या घरी देवाच्या नावासारखे घेतात.) "सर, हे कार्ड ज्यांच्याकडे तेव्हा होतं ते कधीच विकत घेत नाहीत," तो म्हणाला. "अकरावीत असताना वडिलांकडे मागितलं आणि वडील नाही म्हणाले, ते घेतात."

बावीस वर्षांच्या पोराने हे सांगावे! त्याच्या जन्माआधीच ती कंपनी बुडालेली होती.

यानंतर आमच्या घरचा माल त्याला दाखवणे ओघानेच आले. माळ्यावर एक कॉम्प्युटर कापडात बांधून ठेवलेला होता आणि दिवाळीच्या सफाईत आमच्या सौभाग्यवतींनी त्याला अखेरची नोटीस दिली होती. भंगारवाला सगळ्याचे मिळून साडेतीनशे रुपये देत होता. हे यंत्र माझ्या वडिलांनी 1999 साली, निवृत्त झाल्यावर फंडाच्या पैशांतून घेतले. धुळ्यातून फुटून आमचा नंदुरबार जिल्हा नुकताच, 1 जुलै 1998 ला, झाला होता. "आता जिल्ह्याचे गाव झाले, पोराला कॉम्प्युटर आला पाहिजे," असे त्यांचे म्हणणे. पोराला तो जेमतेमच आला. वडील मात्र दुपारी सगळे निजले की दार लोटून 'प्रिन्स ऑफ पर्शिया' खेळत.

तुमच्यापैकी पुष्कळांनी हा खेळ खेळला असेल. तळघरात अडकलेल्या तरुणाने साठ मिनिटांच्या आत राजकन्येला सोडवायचे. वाटेत खड्डे, भाले, तलवारबाज. शिफ्टची कळ दाबून ठेवली की तो जपून, एकेक पाऊल टाकतो आणि कड्यावरून पडत नाही. वडील सबंध खेळ शिफ्ट दाबूनच खेळत. चाळीस वर्षे मास्तरकी केलेला माणूस! त्यामुळे राजपुत्र पडत नसे, पण साठ मिनिटे संपून जात. 'प्रिन्स मेगाहिट' असे टाइप करून खेळ सुरू केला की फसवून पुढच्या मजल्यावर जाता येते, ही युक्ती मी त्यांना सांगितली होती. ते चष्म्यावरून पाहत म्हणाले, "कॉपी करून पास होणाऱ्याला राजकन्या देऊ नये." 2011 साली ते गेले. माझ्या माहितीप्रमाणे राजकन्या अजून आतच आहे.

विद्यार्थ्याने आमच्याच ओट्यावर यंत्र उघडले. सबंध यंत्राला गिऱ्हाईक नाही म्हणाला. सुटे केले तर पैसे येतील. एसआयएसचे पडद्याचे कार्ड त्याने बाजूला सारले. ते त्या काळी घरोघरी होते, म्हणून आज कोणाला नको. साउंड कार्ड उचलले, मॉनिटर उचलला. मग टक् टक् वाजणारा टीव्हीएसचा कीबोर्ड घेतला. (आम्ही मराठीचे लोक त्याला कळफलक म्हणतो, बाकी कोणी म्हणत नाही.) तो त्याने उजेडाकडे तिरका धरला आणि जरा वेळ पाहत राहिला.

"सर, यातल्या बाणांच्या कळा आणि शिफ्ट, एवढ्याच गुळगुळीत झाल्यात. तुमच्या घरी कोणीतरी प्रिन्स खेळत होतं." पुन्हा एकदा शिफ्टवर अंगठा फिरवून म्हणाला, "आणि फार जपून खेळत होतं."

मी काही बोललो नाही. शिफ्ट झिजली म्हणून त्याने किंमत दोनशे रुपयांनी कमी सांगितली. धंदा तो धंदा. मी म्हटले, कीबोर्ड राहू दे.

हिशेब करायला त्याच्या खोलीवर गेलो तेव्हा न खपणाऱ्या मालाच्या खोक्यात मला एक लांबट कार्ड दिसले. वर 'जिस्ट' अशी अक्षरे. इंग्रजीखेरीज काहीच न समजणाऱ्या डॉसच्या यंत्रात हे कार्ड बसवले की त्यावर देवनागरी उमटे. कानपूरच्या आयआयटीत हे काम सुरू झाले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने ते वाढवले. कितीतरी कचेऱ्यांतला मराठी कारभार त्या काळी अशाच कार्डाने पडद्यावर आणला. मी त्याला हे सारे तासाला बसल्यासारखे समजावून सांगितले. त्याने नीट ऐकून घेतले. वर्गात इतके कधी ऐकले नव्हते.

"पण सर, यावर कोणी खेळलं नाही ना," तो म्हणाला. "म्हणून कोणी विचारत नाही."

"कितीला देतोस?"

"तुमच्याकडून काय घ्यायचं? वजनातच आलंय ते."

बाकीच्या सामानाचे त्याने अठराशे रुपये दिले. घरी आलो तो सौभाग्यवतींनी पैसे मोजून घेतले आणि माळा रिकामा झाला म्हणून समाधानाने चहा टाकला. जिस्टचे कार्ड मी टेबलाच्या खणात ठेवले. कीबोर्ड खणात मावत नव्हता.