खळ्यावरचा वाटा

आठवीच्या वर्गाला मी दरवर्षी एक निबंध घालते, 'मेले की सैर'. उर्दू शाळेतल्या बहुतेक शिक्षकांनी हा विषय कधी ना कधी दिला असेल आणि त्यांना मिळालेलं उत्तरही तेच असेल. मेळ्यात झुला असतो, मौत का कुआँ असतो, एक मूल गर्दीत हरवतं आणि शेवटच्या ओळीत आपल्या अम्मीला सापडतं. गाईडमधून उतरवलेला मेळा. त्या मेळ्याला गाव नसतं, महिना नसतो आणि तो कशासाठी भरतो हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसतं. यंदा एका मुलीने वही परत घेताना विचारलं, "मिस, आपने देखा क्या कभी सच्ची का मेला?" मी हो म्हटलं आणि तेवढ्यात तास संपला.

सच्चीचा मेळा मी पाहिलाय तो कासुर्डीत. पुणे-सोलापूर रस्त्यावर, यवतच्या अलीकडे, दौंड तालुक्यातलं हे माझं आजोळ. नाना गावचे मुलाणी. यवतच्या बाजारात कुणी ओळख विचारली की नाना आधी गाव सांगत, मग काम आणि शेवटी नाव.

जत्रा चैत्रात का भरते हे मला नानीकडून कळलं. पौष-माघात शाळू निघायचा, फाल्गुनापर्यंत खळी उरकायची, कडब्याच्या गंजी लागायच्या आणि मगच माणसाच्या हातात वेळ आणि घरात दाणे असायचे. सुगी झाल्याशिवाय पाहुणे बोलवायचे कशाच्या जोरावर? माझ्या लहानपणी मळणीयंत्र आलेलं होतं, पण नानांच्या ओळखीचे एक म्हातारे शेतकरी अजून बैलांची पात धरत. जमीन चोपून, शेणाने सारवून खळं करायचं, मधोमध तिवडा रोवायचा, त्याच्याभोवती कणसांवरून बैल फिरवायचे. संध्याकाळचा वारा सुटला की वावडीवर उभं राहून उफणणी. दाणा सरळ खाली पडतो आणि भुसकट लांब उडतं. मी ते भुसकट अंगभर घेऊन घरी आले की नानी मला दारातच झटकायची.

रास पडली की बलुतेदार जमत. सुतार, लोहार, न्हावी, परीट, आणि त्यांच्या मागे मुलाणी. मुलाण्याचा नंबर शेवटी शेवटी यायचा, आणि नाना खळ्याच्या कडेला उकिडवे बसून वाट पाहत. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा'त या सगळ्या देण्याघेण्याचा बारीक हिशेब आहे, त्यात कटकटीही आहेत. बी.एड.च्या वर्षी मी ते पुस्तक वाचलं तेव्हा नानांचं ते उकिडवं बसणं डोळ्यांपुढे आलं. बलुत्याचं कौतुक करणारे लेख मला म्हणूनच आवडत नाहीत. ज्याला कधी कडेला बसून राहावं लागलं नाही, त्यालाच ते इतकं गोड वाटू शकतं.

पण एक गोष्ट खरी. मोजताना पहिल्या पायलीला ते म्हातारे 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. नानांच्या फडक्यात पायली ओतली की नाना म्हणायचे, "बरकत." मग दोघे मिळून 'दोन' म्हणायचे. नाना मला सांगत की आपल्याकडेही पिकाचा हक्क असतो, त्याला उश्र म्हणतात. पावसावर आलं तर दहावा हिस्सा, पाणी ओढून पिकवलं तर विसावा, आणि तो कापणीच्या दिवशीच द्यायचा. "ये बाबा को किसने बताया, पता नहीं," ते म्हाताऱ्यांकडे बघून म्हणायचे, "पन देताय बराबर."

जत्रेचं वर्णन मी फार करत नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. पट्टी गोळा व्हायची, माहेरवाशिणी यायच्या, रात्री छबिना निघायचा, दुसऱ्या दिवशी हलगीच्या तालावर कुस्त्या. शिरूरकडच्या जत्रांत बैलगाडे पळायचे. त्यांच्यावर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये ते पुन्हा सुरू झाले आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. मध्यंतरीच्या वर्षांत तिकडचे लोक बैलांच्या आठवणी माणसांच्या आठवणींसारख्या काढत.

उर्दू शिकवायला लागल्यावर मात्र या जत्रेतलं एक मला नव्याने दिसलं. आमच्या भागात देवाच्या जत्रेलाही लोक सर्रास उरूस म्हणतात. कुस्ती, पहिलवान, तमाशा, मशाल हे सगळे शब्द माझ्या उर्दूच्या वर्गात रोज येतात. नारळ फोडून वाटतात ती शेरणी म्हणजे आपली शीरीनी. एकदा मी हे शब्द फळ्यावर लिहिले. मुलं म्हणाली, "मिस, ये तो उर्दू है." शेजारच्या मराठी शाळेतल्या बाईंना दाखवले तर त्या म्हणाल्या, "अहो, हे तर मराठी." दोघांचंही खरं होतं, म्हणून मी कुणालाच दुरुस्त केलं नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. जत्रेचा तिसरा दिवस नवसाच्या बकऱ्यांचा. त्या दिवशी नानांना पहाटे बोलावणं यायचं. फजर पढून ते सुरी फडक्यात गुंडाळत आणि निघत. पाटलाचा वाडा असो की माळ्याची वस्ती, मुलाण्याने कापल्याशिवाय बकरं खायचं नाही हा गावचा रिवाज होता. नाना प्रत्येक बकऱ्याला आधी पाणी पाजायचे, एकासमोर दुसरं कापायचे नाहीत आणि 'बिस्मिल्लाहि अल्लाहु अकबर' मोठ्याने म्हणायचे. आसपासच्या लहान मुलांना ते शब्द पाठ झाले होते. दुपारी नाना आपला वाटा घेऊन घरी येत आणि नानी रस्सा करायची.

१९९९ साली मामू चाळीस दिवसांच्या जमातीला जाऊन आले. त्यानंतरच्या जत्रेत त्यांनी ताट सरकवलं. अल्लाहशिवाय दुसऱ्याच्या नावाने सोडलेलं जनावर हराम आहे, हे सूरह बकराच्या १७३ व्या आयतीत स्पष्ट आहे, असं ते म्हणाले. नाना जेवत राहिले. मग हात धुऊन म्हणाले, "छोडा किसने, किसके नाम से, वो उसका उसके पास. सुरी मेरे हात में है. सुरी पे नाम मैंने अल्ला का लिया." मामू म्हणाले, "अब्बा, नीयत तो बकरेवाले की है ना." नाना म्हणाले, "तो उसका हिसाब उससे होगा." नानी मध्येच उठली आणि तिने मामूसाठी डाळ टाकली. पुढची कित्येक वर्षं जत्रेच्या तिसऱ्या दिवशी आमच्या घरात दोन हंड्या चढत.

मी दहा-अकरा वर्षांची असेन. मी दोन्हीकडचं खाल्लं.

हा वाद आमच्या घरातला नव्हे, फार जुना आहे. बड्या बड्या उलमांनी दोन्ही बाजूंनी लिहिलंय. शाह अब्दुल अजीज देहलवींचं मत कडक आहे. बरेलवी उलमा कापणाऱ्याच्या तोंडचं नाव आणि त्याची नीयत पाहतात. मी आलिमा नाही, पण वाचायची सवय आहे. काही वर्षांपूर्वी 'फतावा आलमगीरी'त जबीह्याच्या प्रकरणात मला अगदी आमच्या नानांचाच मसला सापडला. मजूसी माणसाची बकरी त्याच्या अग्निगृहासाठी किंवा मुसलमान नसलेल्याची बकरी त्याच्या देवांसाठी एखाद्या मुसलमानाने कापली, तर ती खाता येते, कारण कापणाऱ्याने अल्लाहचं नाव घेतलंय. मात्र मुसलमानाने हे काम करणं मकरूह. ज्या बादशहाच्या नावावरून आज गावागावांत डोकी फुटतात, त्याच्याच हुकमाने तयार झालेल्या ग्रंथात कासुर्डीच्या जत्रेतल्या बकऱ्याचा निकाल लावून ठेवलेला होता! मी तो मजकूर दोनदा वाचला आणि मग नानांची आठवण येऊन पुस्तक मिटलं.

नाना २००८ मध्ये गेले. पुढच्या चैत्रात गावातले दोघेजण मामूच्या पंक्चरच्या दुकानात आले. मामूने त्यांना बसवलं, चहा दिला, पण उत्तर दिलं नाही. रात्रभर ते जागे होते असं मामी सांगते. पहाटे उठून त्यांनी नानांची सुरी काढली आणि गेले. सगळी बकरी कापली, बिस्मिल्लाह म्हटलं, आणि रिकाम्या हाताने घरी आले. वाटा घेतला नाही.

किताबाच्या हिशेबाने मामूने उलटंच केलं. जे मकरूह ते पत्करलं आणि जे चाललं असतं ते सोडलं. मी एकदा हे त्यांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "खाना मेरा अकेले का है. काटना पूरे गाँव का है." याच्यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही, आजही सुचत नाही.

वाटा न घेणं गावाला मात्र लागलं. खळ्यावरचे ते म्हातारे, तेव्हा ऐंशीच्या घरात, काठी टेकत आले आणि म्हणाले, "तुझ्या बापाला आम्ही कधी रिकाम्या हातानं धाडलं नाही. मटण नको तर नको, पण हक्क सोडू नको." त्यांनी मामूच्या घरी पायलीभर ज्वारी पाठवली. ती त्यांच्या शेतातली नव्हती, बाजारातून विकत आणलेली होती. कारण शेतात ज्वारी राहिलीच नव्हती. खडकवासल्याहून येणारा मुठा उजवा कालवा हवेली, दौंड, इंदापूरला पाणी देतो आणि पाणी आलं तिथे ऊस आला. उसाला खळं नसतं. तोड करायला बीडकडच्या टोळ्या येतात, कोप्या बांधून राहतात, आमच्या कापणीच्या दिवसांत त्यांची पोरं शाळेबाहेर असतात. ऊस कारखान्याला नाहीतर गुऱ्हाळाला जातो आणि पैसे खात्यावर जमा होतात. राशीवर 'लाभ' म्हणायला रासच नाही. जत्रा तेवढी चैत्रातच राहिली, सुगी तिच्यामागून निघून गेली.

मग ज्वारीच्या जागी गूळ आला. त्या म्हाताऱ्यांच्या मुलाचं गुऱ्हाळ आहे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला नवी ढेप निघाली की एक मामूकडे येते. म्हातारे वारले तरी ती यायची थांबली नाही.

२०२५ साल आमच्यासाठी निराळं गेलं. फेब्रुवारीत पाथर्डी तालुक्यातल्या मढीच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुसलमान व्यापाऱ्यांना दुकानं लावू न देण्याचा ठराव केला. त्यावर पुढे बराच वाद झाला, पण ठराव झाला हे घराघरांत पोचलंच. मार्चमध्ये राज्याच्या एका मंत्र्यांनी हिंदू खाटकांच्या झटका मटणासाठी 'मल्हार' प्रमाणपत्र जाहीर केलं. ३० मार्चला पाडवा आणि लगेच ३१ ला ईद. मामूच्या घरी शीरखुर्मा खाताना कुणीच जत्रेचा विषय काढला नाही. मामूंनी तर सुरीला धारही लावून घेतली नव्हती.

जत्रेच्या तिसऱ्या दिवशी फजर पढून मामू तयार होऊन बसले. सहा वाजले, सात वाजले. मामीने दोनदा चहा केला. मामूंनी बोलावण्याशिवाय जायचं नाही असं ठरवलेलं, आणि ते बरोबरच होतं. आठच्या सुमाराला एक पोरगा मोटरसायकलवर आला आणि म्हणाला, "चला काका, उशीर झाला, पेट्रोल संपलं होतं." मामू मागे बसून गेले. त्या दिवशी मी फोन केला तेव्हा ते म्हणाले, "पेट्रोल सच में खतम हुआ था क्या, ये मैंने नहीं पूछा." हे वाक्य मी पुढे कितीतरी दिवस मनात घोळवत होते. देवळासमोर त्या दोन तासांत कोण काय बोललं असेल? कुणी नको म्हटलं असेल, कुणी हो म्हटलं असेल? की खरोखर पेट्रोलच संपलं होतं?

त्यानंतर १ ऑगस्टला यवत पेटलं. समाजमाध्यमावरच्या एका मजकुरावरून जाळपोळ झाली, जमावबंदी लागली. कासुर्डीपासून यवत हाकेच्या अंतरावर. मामूंनी काही दिवस दुकान उघडलं नाही. मी रोज संध्याकाळी फोन करायची आणि आम्ही दोघे पावसाबद्दल बोलायचो.

दिवाळीच्या सुट्टीत मी कासुर्डीला गेले. ढेप आलेली नव्हती. मामीने गुळाचा डबा धुऊन, वाळवून, फळीवर उपडा घालून ठेवला होता. मी त्याच्याकडे बघतेय हे तिने पाहिलं आणि ती म्हणाली, "अभी गुऱ्हाळ नहीं लगा होगा." येताना रस्त्यात मला दोन गुऱ्हाळांचा धूर दिसला होता. मी काही बोलले नाही.

नोव्हेंबरच्या मध्यावर मामूंचा फोन आला. ढेप आली होती. त्या म्हाताऱ्यांचा नातू घेऊन आला, पंक्चर काढून घ्यायचं निमित्त होतं, आणि निघताना पिशवी फळीवर ठेवून गेला. नेहमीपेक्षा लहान होती का, असं मी विचारलं. मामू म्हणाले, तोलली नाही. मामीने वरवंट्याने फोडून चार घरी खडे पाठवले, माझा खडा वेगळा ठेवलाय, येशील तेव्हा घेऊन जा.

मग थोडं थांबून ते म्हणाले, "चैत के पहले सुरी को धार लगाना है. यवत में वो धारवाला अब बैठता नहीं. तुम्हारे उधर कोई है क्या, देखना."