चला, ‘सौभद्र’ पाहायला!

मित्रांनो, सुट्टीत नाटकाला जायचं म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? चेटकीण, राक्षस, टुणटुण उड्या मारणारं माकड आणि मध्यंतरातला बटाटेवडा! ती बालनाट्यं छानच असतात. पण गेल्या मे महिन्यात आम्ही जरा वेगळा बेत केला. ताईची दोन मुलं, म्हणजे आठवीतला भाचा आणि चौथीतली भाची, शिवाय शेजारचे आजोबा, अशा सगळ्यांना घेऊन मी सासवडहून पुण्याला गेले. कशाला? तर ‘संगीत सौभद्र’ पाहायला!

भाचा सकाळपासूनच फुरंगटलेला. “मावशी, त्यात सगळे नुसते गात असतात म्हणे. कंटाळा आला तर?”

शेवटी आमचा करार झाला. मध्यंतरापर्यंत गुपचूप बसायचं. नाहीच आवडलं, तर उठून शेजारच्या संभाजी उद्यानात जायचं. आणि मी ते अगदी खरं बोलले होते, बरं का! (आईबाबांसाठी एक गोष्ट हळूच सांगते. मुलांना तीन तास खुर्चीला बांधून ठेवलं, तर ती पुन्हा नाटकाचं नावसुद्धा काढणार नाहीत.)

दिवे घाट उतरताना खाली मस्तानी तलाव दिसला. पुढे हडपसर, स्वारगेट, मग डेक्कन. तिथून जंगली महाराज रस्त्यावर बालगंधर्व रंगमंदिर अगदी जवळ.

या रंगमंदिराची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस. त्यांचा जन्म १८८८ सालचा. त्या काळी बायका नाटकात काम करत नसत, त्यामुळे स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करायचे. बालगंधर्वांनी शालू नेसला की तो कसा नेसलाय, हे पाहायला बायका येत, असं सांगतात! या रंगमंदिराचं भूमिपूजन १९६२ साली त्यांच्याच हातून झालं. पण १९६८ च्या जूनमध्ये दारं उघडली तेव्हा ते नव्हते. आदल्याच वर्षी ते गेले होते. चित्रकार गोपाळ देऊसकर यांनी काढलेली त्यांची दोन मोठी चित्रं इथे आहेत. भाची त्यांच्यासमोर उभी राहून विचारत होती, “हे काका कोण आणि या बाई कोण?” दोन्ही एकच माणूस, हे तिला काही केल्या पटेना.

पहिली घंटा झाली, दुसरी झाली. मोबाइल बंद केले. तिसऱ्या घंटेबरोबर अंधार! धुपाचा वास दरवळला आणि नांदी सुरू झाली. ‘सौभद्र’ अण्णासाहेब किर्लोस्करांनी लिहिलं. ते पहिल्यांदा रंगभूमीवर आलं १८८२ साली, म्हणजे विजेचे दिवे आणि माईक यांच्या कितीतरी आधी. तेव्हा नट गायचा तो शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोचेल असा!

गोष्ट घरातलीच आहे हो. सुभद्रेचं अर्जुनावर प्रेम. पण थोरले दादा बलराम हट्टाला पेटलेत की लग्न दुर्योधनाशीच व्हायचं. धाकटे दादा कृष्ण समोरासमोर भांडत नाहीत, पण आतून सगळी सूत्रं तेच हलवतात. घटोत्कच झोपलेल्या सुभद्रेला उचलून नेतो तेव्हा भाचीने माझा हात असा दाबला की काय सांगू! तेवढ्यात अर्जुन गाऊ लागला. भाचा कानाशी कुजबुजला, “गात काय बसलाय? आधी पळ म्हणावं!”

त्याचं चूक नव्हतं. पण संगीत नाटकात गाणं लागलं की घड्याळ थांबतं. माणसाच्या मनात त्या क्षणी जे चाललंय, ते गाण्यातून बाहेर येतं. सिनेमात कॅमेरा नटाच्या चेहऱ्याजवळ जातो ना, तसंच. किर्लोस्करांनी साकी, दिंडी अशा लोकांच्या कानावरच्या चाली घेतल्या, त्यामुळे ऐकणारा लगेच डोलू लागे. आमचे आजोबाही डोलत होते. एक पद संपलं तशी त्यांनी खणखणीत आवाजात आरोळी ठोकली, “वन्स मोअर!” आणि खरंच, ते पद पुन्हा सुरू झालं! पण दुसऱ्या वेळी तान वेगळी होती. भाचा ताठ बसला. “म्हणजे आपण म्हटलं की ते ऐकतात?” टीव्हीला तुम्ही कितीही ओरडून सांगा, तो काही ऐकणार आहे का?

मध्यंतर झालं. वडे खाल्ले. उद्यानाचं नाव कुणीच काढलं नाही.

पुढचा भाग तर नुसती धमाल. अर्जुन संन्यासी होऊन येतो. बलरामदादा त्याला थोर साधू समजून घरी आणतात आणि त्याची सेवा करायला कुणाला सांगतात? सुभद्रेलाच! सभागृहातल्या प्रत्येकाला खरा प्रकार ठाऊक, फक्त दादांना नाही. भाचीला राहवेना. “अहो, तो अर्जुन आहे!” ती मोठ्यांदा ओरडली. सगळे हसले. बलरामाचे ओठही हलले असावेत, पण त्याने ते मिशीत लपवलं.

एक गोष्ट मात्र मला डाचत होती. मागच्या निम्म्या रांगा रिकाम्या होत्या.

नाटक संपल्यावर परवानगी काढून आम्ही विंगेत गेलो. सुभद्रा दागिने उतरवत होती, बलराम चहा पीत होते. ऑर्गनवाल्या काकांनी भाच्याला बाकावर बसवलं. हाताने वाजवायच्या पेटीत एक हात भात्यात अडकतो. इथे भाता पायाने हलवायचा, त्यामुळे दोन्ही हात मोकळे! आत हवा खेळली की पितळेच्या पातळ पत्त्या थरथरतात आणि सूर निघतो. भाच्याने एक पट्टी दाबली आणि पाय हलवणं विसरला. सूर मरून गेला. काका म्हणाले, “पाय थांबला की गाणं थांबलं.”

“पुढचा प्रयोग कधी?” भाच्याने व्यवस्थापकांना विचारलं.

“तारीख नाही अजून,” ते वही मिटत म्हणाले. “आजच्या तिकिटांत भाडं आणि वादकांचे पैसे जेमतेम निघाले. आधी कुणी पन्नास-साठ तिकिटं घेतो म्हणालं, तर धरू पुढची तारीख.”

परतीच्या बसमध्ये भाची खांद्यावर डोकं टेकून झोपली. आजोबा गुणगुणत होते. भाचा मात्र बोटांवर काहीतरी मोजत होता. हडपसर मागे पडल्यावर म्हणाला, “मावशी, आमच्या वर्गात बेचाळीस मुलं आहेत. प्रत्येकाबरोबर निदान आई तरी येईल ना?”